फरशीवाल्याला नको म्हणून कळवलंय

अहो, आपलं बोलणं बंद आहे, म्हणून लिहून ठेवतेय. आधी खिडकीतून अंगण बघा. मी गवत अगदी बारीक कापून, माती उकरून त्यात नवीन बी पेरलं, तेव्हा ‘होतं तेही घालवलंस, आता फरशीच घालू’ म्हणाला होतात ना? बघा, टक्कल पडलं होतं तिथेसुद्धा गच्च गवत आलंय! फरशीवाल्याला मी नको म्हणून कळवलंय. चहा थर्मासमध्ये आहे.

आणि मी ताईकडे गेले होते तेव्हा रोज पाणी कोणी घातलं, तेही कळलं. नळाजवळ तुमच्या चपलांच्या मापाचे दोन तुकडे तेवढे उगवायचे राहिलेत. तिथे मी बी टाकणार नाही. आल्यागेल्याला दाखवायला राहू देत!