सतरा नंबरचा वाफा

१९ ऑगस्ट २००६
केंद्राच्या साहेबांनी आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या हाताखालच्या विनीताच्या भुईमुगाच्या नव्या वाणाचं कौतुक केलं. "लड़की ने कमाल कर दिया." मीही टाळ्या वाजवल्या. माझ्या वाणामागे अकरा वर्षं गेली, त्याचा विषयसुद्धा निघाला नाही. यापुढे इथे नुसतं वि. लिहीन. पूर्ण नाव लिहायचंही जिवावर येतं.

वर तिच्या संकरातला बाप माझाच वाण! पानांवरच्या टिक्का रोगाला दाद न देण्याचा गुण माझ्याकडून घेतला, लवकर पिकण्याचा दुसरीकडून. पोर माझ्या घरची, बारसं तिच्या दारात.

२७ ऑगस्ट
वि. घरी आली होती. मंदासाठी इथल्या बगरूची छापील चादर आणली. मंदाने थालीपीठं लावली, लोण्याचा गोळा वगैरे. मला एवढं लोणी कधी मिळत नाही. ती गेल्यावर मंदा म्हणाली, "किती गुणी मुलगी आहे हो. मतलब, आपल्या घरातलीच वाटते."
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. हे काम वि.ला मीच शिकवलं. आता तिच्या फुलांना भराभर शेंगांच्या आऱ्या धरतात, माझी निम्मी गळतात. हात थरथरतो. कुणाला सांगितलेलं नाही.

८ सप्टें.
रोग मस्त पसरलाय. ओळींच्या मध्ये मुद्दाम लावलेला नाजूक वाण पार करपला. लोक रोग जावा म्हणून फवारतात, आम्ही यावा म्हणून पाणी मारतो, कुठला वाण तगतो ते कळायला.

वीस वाफे, वीस वाण. वाफ्यावर नाव नाही, फक्त नंबर. कुठला कुणाचा, ते साहेबांच्या कपाटातल्या बंद लिफाफ्यात. रोगतज्ज्ञाची जागा रिकामी, म्हणून गुण मी आणि वि. देणार, वेगवेगळे. एक म्हणजे स्वच्छ पान, नऊ म्हणजे जळालेलं. आमच्या केंद्रातून देशभरच्या चाचणीला एकच वाण जाणार. मला निवृत्तीला दीड वर्ष आहे. या वेळी माझा गेला नाही तर अकरा वर्षं मातीत.

१५ सप्टें.
गुण दिले.
सतरा नंबरशी आलो आणि लगेच ओळखला. गडद पान, पसरट झाड. तिचाच. खालच्या पानांवर ठिपके अगदी मोजके. तीन द्यायला हवे होते. सहा लिहिले. हात अजिबात थरथरला नाही.
अकरा नंबर माझा. तिथे तीन, जरा सढळ हाताने.

१६ सप्टें.
वह्या जुळवल्या. सतराला तिचे तीन, माझे सहा. दोनपेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनी मिळून पुन्हा पाहायचं, हा नियम मीच घातलेला.
वि. बिचारी खाली मान घालून, "सर, आपने छह दिया है तो कुछ देखा ही होगा. मैं अपना पाँच कर दूँ?"
सोमवारी बघू म्हणालो. आतून गुदगुल्या होत होत्या. काय माणूस आहे मी! तरी होत होत्याच.

१७ सप्टें., रविवार
राहवेना. एकटाच केंद्रावर गेलो. सतराच्या कडेचं एक झाड उपटलं.
शेंगा तीन दाण्यांच्या, बारीक कमरेच्या, टोकाला वाकडी चोच. असल्या शेंगा आमच्याकडे एकाच वाणाला येतात. माझ्या.
अकरातलं उपटलं. दोन दाण्यांच्या, भरलेल्या, आत्ताच तयार होत आलेल्या. तिच्या.
बापलेकीचं पान सारखं असणार, एवढं मला कळू नये? पहिल्या वर्षाच्या पोरांना हेच शिकवतो. बांधावर बसून राहिलो. माझ्याच हाताने माझ्याच वाणाचा गळा. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेआधी तिचाच राग आला.

घरी मंदा : "अहो, रविवारी कपड्यांना एवढी माती कसली?"
"काही नाही."
"महिनाभर तुमचं काही नाही, काही नाहीच चाललंय."

१८ सप्टें.
साडेसातला पोचलो. वि. आधीच सतराशी उकिडवी बसून पानं उलटून बघत होती. "सर, मुझे तो अब भी तीन ही लगता है. पर आप जो कहें."
पाच म्हणालो तर माझा वाण इथेच संपतो. तीन म्हणालो तर वाचतो. पण आता तो कुणाचा ते मला माहीत आहे, आणि तिला नाही.
म्हटलं, "विनीता, इस प्लॉट को नंबर मुझे नहीं देने चाहिए थे."
तिने वर पाहिलं, हसली. "उस दिन चश्मा नहीं लाए थे क्या, सर?"
चष्मा त्या दिवशीही डोळ्यांवर होता.
"हां," म्हणालो.
तिने माझा सहा खोडून तीन लिहिला. खोडलेल्या आकड्याशेजारी माझी सही लागते, नाहीतर सहाच धरला जातो. वही घरी घेऊन आलोय. उद्या सकाळी अकरा वाजता साहेब लिफाफा उघडणार.
सही अजून केलेली नाही.