ऊबघर हे नाव

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि भावोजी मजेत असाल असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तू उचलत नाहीस. म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस, कोंबडीचे पाय आहेत ते तसेच राहणार.

बातमी अशी, की तुझ्या शेंडेफळाच्या दुकानाची वेबसाइट झाली. आता माझ्या दुलया जगभर विकणार, असं मी वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना ऐटीत सांगितलं, तर म्हणाल्या, "आधी गल्लीत तर वीक."

साइट करणारी बाई मात्र कडक आहे. नाव निवडायचं म्हणून तिनं दोन दिवस माझी शाळा घेतली. नाव लहान हवं, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला टाइप करता आलं पाहिजे. मध्ये आकडे नकोत, आडव्या रेघा नकोत. उद्या मी उशा विकायला लागले तरी शोभेल असं हवं, म्हणजे नुसतं 'दुलई' नको. मी वहीत एकतीस नावं लिहिली. त्यातली चांगली सगळी कोणीतरी आधीच घेऊन बसलेलं, आणि उरलेली उच्चारताना माझीच जीभ अडखळत होती. मग एकदम 'ऊबघर' सुचलं. कुठून सुचलं कोण जाणे. शोधलं तर चक्क मोकळं! बाई म्हणाली, "इतकं छान नाव मोकळं कसं? आधी कोणाचं होतं का, तेवढं बघून घ्या." मी म्हटलं, बघते. आणि बघितलं नाही. दुसरं कोणी पळवेल या धास्तीनं त्याच दुपारी घेऊन टाकलं.

तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "दुसरं बघ" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या दिवसापासून उचललेला नाहीस. रागावलीस का? तुझी वृद्धांची संस्था बंद पडली, नोकरी गेली, आणि मी आपलं माझ्याच दुकानाचं कौतुक सांगत सुटले, म्हणून?

पहिल्या पानावर निळ्या दुलईचा फोटो लावलाय. गेल्या जानेवारीत तू संस्थेतल्या एका आजींसाठी माझ्याकडून घाईघाईनं शिवून घेतलीस आणि मग परत आणलीस, तीच. निळं कापड कमी पडलं म्हणून एक कोपरा पिवळा लावला होता ना, तो फोटोत काय सुरेख दिसतोय! परत आलेल्या मालाला मी तारखेची चिठ्ठी टाचते, तेवढी आत दुमडून ठेवली.

दोन ओळी तरी लिही.

तुझं लाडकं आणि आगाऊ,
शेंडेफळ


१५ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं असणार. पोस्टमनवर माझा विश्वास आहे.

तुला एक विचारायचंय, आणि ते सरळ विचारते. ऊबघरच्या पत्त्यावर, पुढे काहीही लावून, कोणीही मेल पाठवला तरी तो माझ्याच पेटीत पडेल अशी सोय मी करून घेतली होती. गिऱ्हाइकानं पत्ता चुकवला तरी ऑर्डर हातची जाऊ नये, एवढाच हेतू. पण ऑर्डर राहिली बाजूला, भलतेच मेल येऊ लागले. चादरी धुणाऱ्या कंपनीचा एक. औषधं पुरवणाऱ्यांचा एक. एका पुतणीनं काकांना भेटायच्या वेळा विचारलेल्या. मला वाटलं, आधी इथे एखादं हॉस्पिटल असेल.

आणि मग 'खोली सात' या नावावर एक आला. तो जसाच्या तसा उतरवते.

"आई, तीन महिने माझे मेल परत येत होते. आज गेला. म्हणजे तू आहेस. जहाज अजून आठवडाभर किनाऱ्याला लागणार नाही. संस्थेत कोणी फोन उचलत नाही आणि तुला तर फोनवरचं ऐकू येत नाही. बाईंना सांग, नेहमीसारखं लिहून घ्यायला. एकच ओळ चालेल."

दोन दिवसांनी पुन्हा. परवा पुन्हा. दर वेळी अगदी तसंच, 'म्हणजे तू आहेस'.

ताई, तुझ्या संस्थेच्या पाटीवर संस्थापकांचं सात शब्दांचं लांबलचक नाव होतं, म्हणून आधी माझ्या डोक्यातच आलं नाही. पण मेल 'ऊबघर'वरून जायचे का गं तुमचे? आणि खोली सातमधल्या आजींची पत्रं लिहून घेणाऱ्या बाई, त्या तूच का? असशील तर बापड्याला त्याच्या आईचा नवा पत्ता कळव. संस्था बंद झाली तेव्हा सगळ्यांना कुठे कुठे हलवलं, ते तुला ठाऊक असणारच. मेलमध्ये त्याचा पत्ता आहे, सोबत लिहून पाठवते.

त्याच्या मेलच्या खाली आजींची जुनी पत्रं जोडलेली आहेत. परक्याची पत्रं, मी ती वाचली नाहीत.

इथे थंडी पडायला लागली. भावोजींना जपायला सांग.

तुझी,
शेंडेफळ


२४ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी सगळी वाचली होती, आणि दोनदा वाचली होती.

सत्तावीस जानेवारीचं पत्र आजींचंच आहे. "आज निळी दुलई मिळाली. बाईंच्या धाकट्या बहिणीनं शिवली. एक कोपरा पिवळा आहे, तो मी हनुवटीशी घेते. खोलीतला हीटर अजून दुरुस्त झालेला नाही, पण तू काळजी करू नकोस." ते वाचताना मला माझाच अभिमान वाटला बघ. आणि मग पुढची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, थेट जुलैपर्यंत. प्रत्येकात दुलई. "निळ्या दुलईत गाढ झोप लागते." "दुलई काल उन्हात घातली."

तीन फेब्रुवारीपासून ती दुलई माझ्या कपाटात आहे, ताई. तू धुवून, चौघडी करून आणलीस. मी चिठ्ठी पुढे केली, तर माझ्या हातातलं पेन घेऊन तूच लिहिलंस, "परत. ३ फेब्रुवारी. लागली नाही." चहासुद्धा घेतला नाहीस. मला वाटलं, आजी कटकट्या असतील.

आता हेही आठवलं, की 'ऊबघर' मला सुचलं नव्हतं. दुलई न्यायला आलीस तेव्हा दारात उभं राहून तू म्हणाली होतीस, "नावाला ऊबघर, आणि खोल्या बघ, दात वाजतात." तुझाच शब्द माझ्या कानात पडून राहिला, आणि मी तो एकतीस नावांतून स्वतःचा म्हणून उचलला.

त्या गारठलेल्या खोलीत काय झालं, ते तू सांगितल्याशिवाय मला कळणार नाही. व्यवस्थापकांनी तुला गप्प राहायला सांगितलं असेल. हीटरची चौकशी होईल म्हणून घाबरले असतील. थोडे दिवस पत्रं चालू ठेव, म्हणाले असतील. पण मला वाटतं, तू सांगण्यावरून लिहिली नाहीस. जहाजावर एकटा आहे, तिथे त्याला आई गेल्याचं कळलं तर काय करेल, या मायेनं लिहिलीस. मी ओळखते ती माया. बाबा गेले तेव्हा मी वसतिगृहात होते, आणि माझी परीक्षा संपेपर्यंत तीन आठवडे बाबांची पत्रं तूच लिहिलीस. "पोटभर जेव, डोळ्यांना जप." खोली सातच्या पत्रांतही शेवटी हेच वाक्य आहे. मी तुला माफ केलं असं तेव्हा म्हटलं होतं. केलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत मी बाबांना कसलाकसला हट्ट लिहून पाठवत होते, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आणि तो तर सहा महिने लिहीत होता.

आता माझं पाप. मागच्या सोमवारी त्यानं लिहिलं, "उद्यापर्यंत ओळ आली नाही तर रजा टाकून निघतो." मी घाबरले. तुझ्यासाठी घाबरले. आणि आजींच्या नावानं उत्तर लिहिलं, "मी बरी आहे. येऊ नकोस. पोटभर जेव, डोळ्यांना जप." लिहिताना एक शब्दही अडला नाही. आपण दोघी एकाच आईच्या.

त्याचं उत्तर तासाभरात आलं. "दुलई अजून आहे का?"

मी पेटी बंद केली. चार दिवस ती सारखी उघडून बघितली, पण खोली सातवर काहीच आलं नाही. शुक्रवारी साइटवरून पहिली ऑर्डर आली. निळी दुलई, एक कोपरा पिवळा, पहिल्या पानावरचीच हवी, दुसरी नको. नावाच्या जागी लिहिलंय, 'मुलगा'. खाली टीप, "पाठवू नका. पुढच्या शनिवारी अकरा वाजता दुकानात येऊन स्वतः घेईन. शिवणाऱ्या बाईंना भेटायचंय, आणि त्यांच्या बहिणीलाही."

शिंपीणबाई म्हणतात, पहिलीच ऑर्डर आणि चेहरा असा का पाडून बसलीस. काय सांगू त्यांना?

काल दुलई काढली. चिठ्ठी काढून टाकावी म्हणून कात्री घेऊन बसले. दोन टाके उसवले, मग तेच दोन टाके पुन्हा घातले. तो येईल तेव्हा ती आहे तशीच, चिठ्ठीसकट, त्याच्या हातात देणार आहे. तारीख तो वाचेल. त्यानंतर तो विचारेल, की माझ्या आईला कुठे नेलं, शेवटी तिच्याजवळ कोण होतं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आता मी कोणाच्याही नावानं ते लिहिणार नाही.

या शुक्रवारी संध्याकाळची बस पकड. भावोजींना काय सांगायचं ते सांग, पण ये. मी काउंटरसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवते, एक त्याची आणि एक तुझी. नाही आलीस तर तुझी खुर्ची त्याच्यासमोर रिकामीच राहील, आणि ती कोणाची, ते मी त्याला सांगेन.

माझ्याच नावानं, माझ्याच हातानं,
तुझी धाकटी बहीण