डॉर्थाच्या पायातली पट्टी

सोमवार, ५ ऑक्टोबर

कामाच्या पहिल्याच दिवशी माझं वजन सगळ्यांदेखत केलं, हे मला पटलेलं नाही. काटा ठेवलाय तो जेवणघराच्या दारात. बायका डबे घेऊन आत चालल्यात आणि मी बूट काढून त्यावर उभी. एकशे सत्त्याऐंशी पौंड. आकडा मोठ्यानं वाचला आणि वर मला शाब्बास म्हणाले. बाजारात वासरू तोलतात, पण निदान त्याला शाब्बास म्हणत नाहीत.

तक्रार झाली. आता नमस्कार. मी झेला कॉम्ब्स, वय अठ्ठावन्न, शाळा सहावीपर्यंत, तीसुद्धा पावसाळा सोडून, कारण ओढ्यावर पूल नव्हता. दोन नातवंडं ओहायोत असतात, नाताळला फोन करतात.

ही वही कारखान्यानं दिलीय. रोज काय खाल्लं, किती चाललो, झोप कशी लागली ते लिहायचं आणि महिनाअखेरीस मिस पेटनला दाखवायचं. मिस पेटन म्हणजे लेक्सिंग्टनहून आलेली आरोग्याची बाई. वय पंचवीस, मनगटं काडीएवढी. पुढच्या पानांवर तिला हवं ते लिहीन. हे मी वही उलटी करून मागच्या बाजूनं लिहितेय. मागची पानं कोण बघतंय?

नोकरी मात्र झकास आहे. गाद्यांच्या कडा शिवायच्या. यंत्र खिडकीजवळ मिळालं, समोर डोंगर दिसतो. मुख्य म्हणजे एस्टेलला विमा मिळाला. एस्टेल माझा नवरा. खाण बंद पडली, मग साखर वाढली, मग डाव्या पायाची तीन बोटं गेली. दिवसाला इन्सुलिनच्या चार सुया लागतात. या महिन्यापासून सुया विम्यातून. घरी येताना मी गाडीत गात होते, या वयात.

रात्री डुकराचं मांस घालून घेवडा शिजवला, मक्याचा पाव भाजला. पुढच्या पानावर लिहिलं, उकडलेला कोबी.

बुधवार, ७ ऑक्टोबर

परवा मलाही मनगटात काळी रबरी पट्टी दिली, इथे सगळ्यांना असते. आपण चाललो की ती पावलं मोजते. सकाळी फाटकातल्या खांबाजवळून गेलं की खांब तिच्यातला आकडा ओढून घेतो आणि तो फलकावर लागतो, नावासकट. रोज दहा हजार व्हायला हवीत. कमी पडली, वजन जास्त भरलं किंवा थुंकीत तंबाखू सापडली, तर विम्याचा हप्ता वाढतो. तपकीर मी आधीच सोडली. चाळीस वर्षांची सवय, एका आठवड्यात. पण आठ तास यंत्रापुढे बसणाऱ्या बाईनं दहा हजार पावलं टाकायची कुठे? शिवाय माझा उजवा गुडघा गेलेला. काल एक हजार नऊशे झाली.

महिन्याची सरासरी तीस तारखेला बघतात. नाही जमली तर पुढचं वर्षभर महिन्याला एकशे नव्वद डॉलर जादा. तेवढे गेले तर एस्टेलच्या सुया नाहीत. दुसरीकडून काढायला आमच्याकडे काही उरलेलं नाही, हे मी चार वेळा हिशेब करून बघितलं.

शेजारच्या यंत्रावरची नोव्हा जीन म्हणाली की तिच्या भावानं पट्टी कुत्र्याला बांधली होती. कुत्रा दिवसभर झोपला. भावाला वाटलं पट्टी बिघडली.

सोमवार, १२ ऑक्टोबर

यावर कारखान्यातल्या बायकांनी शोधलेला तोडगा म्हणजे डॉर्था स्लोन.

डॉर्था कापलेल्या कापडाचे गठ्ठे ढकलगाडीवरून यंत्रायंत्रापर्यंत आणते. दिवसभर पायांवर. बाई भली थोरली, माझ्या दीडपट, चेहरा ताज्या पावासारखा. मनगटात तिची स्वतःची पट्टी, आणि मोज्यांखाली घोट्यांवर आमच्यासारख्या बसणाऱ्या बायकांच्या. संध्याकाळी ती त्या घरी नेते आणि सकाळी फाटकातून आत आणते. खांबाला काय कळतंय कोणाच्या पायात काय आहे.

मी तिला विचारलं की बदल्यात काय घेतेस. ती म्हणाली, "बिटाचं लोणचं चालेल, झेलाआजी. केक नको हं, मला काट्यावर उभं राहायचंय." आणि स्वतःच हसली. तिच्या वजनाचा जादा हप्ता ती दोन वर्षं भरतेय. दिवसाला पंधरा हजार चालते तरी वजन हलत नाही. मिस पेटन तिला सफरचंदाचं चित्र असलेले कागद देते.

मी लोणच्याची बरणी दिली आणि पट्टी दिली. तिनं ती डाव्या घोट्यावर चढवली. लाज वाटली का? थोडी. दोष गुडघ्यावर ढकलला.

मंगळवार, २० ऑक्टोबर

फलकावर माझ्या नावापुढे दहा हजार दोनशे. मिस पेटननं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. एस्टेलला सांगितलं नाही. तो सरळ माणूस आहे, उगाच तोंड पाडून बसेल. त्याची साखर आज बरी होती. डॉर्थानं बरणी परत केली, घासूनपुसून.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

हे लिहायचं नव्हतं.

माझा पहिला आठवडा कमी पडला होता, तो भरून काढायला तीस तारखेपर्यंत रोज सोळा हजार हवीत. डॉर्थाला तसं सांगितलं होतं. बाकीच्यांचं झालंय, त्यांच्या पट्ट्या तिनं परत केल्या. सुटी झाल्यावर गाड्यांच्या आवारात ती एकटी फेऱ्या घालते ते फक्त माझ्यासाठी.

आज दुपारी ती माझ्या यंत्रापाशी आली. चेहरा राखाडी. हाताचा पंजा छातीवर. म्हणाली की दोन दिवस झाले, जिना चढताना कोणीतरी वरून दाबल्यासारखं होतंय. पट्टी परत घेशील का.

मी शिवण थांबवलीसुद्धा नाही. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत ओढ ना गं. तीनच दिवस. मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस."

ती बरं म्हणाली. नाही म्हणता येतं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

डॉर्था गेली. आवारात, सव्वापाच वाजता. लख्ख उजेड होता. मी गाडीत बसून खिडकीतून बघत होते की तिच्या फेऱ्या पुऱ्या होतात का. ती थांबली, खाली बसली, मग आडवी झाली. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की अजून हजारभर राहिली असतील.

कागदावर उतरवलं. आता ते खोटं म्हणता येणार नाही.

रविवार, १ नोव्हेंबर

काल तिला कपडे घालायला तिची बहीण अर्डिथ हिनं मला बोलावलं. डॉर्था तुमचं नाव नेहमी घ्यायची, म्हणाली. जाड मोजे मी चढवले. डाव्या घोट्यावर पट्टी तशीच होती, सुजलेल्या मांसात रुतलेली. पट्टीच्या मागच्या बाजूला माझा कामगार क्रमांक कोरलेला आहे.

अर्डिथ केस विंचरत होती, पाठ माझ्याकडे. काढायला क्षणभरच लागला असता. पण ही काय, कोणाची, असं तिनं विचारलं असतं. मी मोजा वर ओढला. गुडघ्यापर्यंत. सुरकुतीसुद्धा ठेवली नाही.

आज टेकडीवरच्या दफनभूमीत पुरली. मी बटाट्याचं सॅलड नेलं होतं. सगळ्यांनी दोनदा घेतलं.

सोमवार, २ नोव्हेंबर

कशी कोण जाणे, महिन्याची सरासरी भरली, काठावर. एस्टेलच्या सुया वर्षभरासाठी पक्क्या झाल्या.

नवा महिना सुरू झाला तसा फलक पुसलाय. मिस पेटनला सांगणार होते की माझी पट्टी हरवली. त्याआधी फलक बघितला. माझ्या नावापुढे आजचा आकडा होता. चार हजार शंभर.

खांब बिघडला असेल.

बुधवार, ४ नोव्हेंबर

काल आठ हजार दोनशे. आज बारा हजार तीनशे.

नोव्हा जीन म्हणाली, आजी, नवी डॉर्था कुठून आणलीस. मी हसले. शिवण वाकडी गेली, तीन गाद्या उसवल्या.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

फाटकावरच्या पहारेकऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यानं यंत्रात बघून सांगितलं की माझी पट्टी रोज सहाला दहा कमी असताना आत येते. मी येते सातला. तो म्हणाला, लवकर येऊन चालता वाटतं, चांगलंय, या वयात. कोणाला बघितलंस का, विचारलं. नाही म्हणाला. फक्त फाटकाजवळची फरशी रोज चिखलानं भरलेली असते आणि पुसावी लागते. पाऊस नसताना.

शनिवार, ७ नोव्हेंबर

टेकडीवर गेले. दुखत्या गुडघ्यानं. थडग्यावरची माती हललेली नाही, फुलं तशीच. तिथून कारखान्याच्या फाटकापर्यंत चालले आणि मोजलं. चार हजार शंभर.

म्हणजे पहिल्या दिवशी ती फक्त कामावर आली. दुसऱ्या दिवशी आली आणि परतही गेली. तिसऱ्या दिवशी आणखी तेवढीच, कुठे —

आमचं घर फाटकापासून मोजलं नाही. मोजणार नाही.

सोमवार, ९ नोव्हेंबर

सोळा हजार. बरोबर सोळा. मी मागितली होती तेवढी.

एस्टेलनं जेवताना विचारलं की दुपारी कोण आलं होतं. दारापुढच्या ओट्यावर जड पावलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तासभर. म्हटलं खार असेल. तो म्हणाला, "तीनशे पौंडांची खार असेल तर बंदूक काढतो, वर्षभराचं मांस होईल." आणि हसला. मग म्हणाला की जी कोणी होती ती दमलेली वाटत होती. श्वास ऐकू येत होता. त्याला वाईट वाटलं.

त्याला वाईट वाटलं. तिला ओळखतही नसलेल्या माणसाला.

मंगळवार, १० नोव्हेंबर

मिस पेटनकडे गेले. दार लावलं आणि सगळं सांगितलं. पट्टी, मोजा, थांबू नकोस म्हणाले तेसुद्धा. सुया गेल्या तर जाऊ देत, असं ठरवून गेले होते. घर विकू. गाडी विकू.

तिनं संगणकाच्या पडद्यावर बघितलं. म्हणाली, "कॉम्ब्सबाई, तुमची नोंद बरोबर दिसतेय. पट्टी चालू आहे, रोज आत येतेय. यात मला चूक दिसत नाही."

म्हटलं, पट्टी मेलेल्या बाईच्या पायात आहे.

तिनं रुमाल पुढे केला. दुःखात माणसाला असं होतं, म्हणाली. समुपदेशनाला गेलात तर आरोग्याचे पन्नास गुण मिळतील, नाव घालू का. जादा हप्ता लावण्याचं कारण तिच्याकडे नाही. ती माझं काही काढून घेऊ शकत नाही.

कोणीच घेत नाही. परत कोणाला द्यायचं हे मग?

गुरुवार, १२ नोव्हेंबर

एकवीस हजार.

टेकडीवर जाऊन थडग्यापाशी ओरडून सांगितलं, थांब गं. डॉर्था, थांब. झालं. पुरे.

पण ती तिथे नव्हती ना. ती चालत होती.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

सव्वीस हजार. मोज्यांचा वास. शिवताना पाठीमागे ढकलगाडीची चाकं — वळून बघितलं तर गठ्ठा ठेवलेला. ओला. नोव्हा जीनला विचारलं कोणी ठेवला. तिनं बघितलंच नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

आज कारखाना बंद. फलक नाही, आकडा नाही. तरी मला कळतंय. ओट्यावर. सकाळपासून. इकडून तिकडे. डावा पाय ओढत — पट्टी रुतलीय तो.

एस्टेल म्हणतो, आत बोलाव तिला, पाणी दे. दाराकडे निघाला काठी घेऊन. मी बाही धरून मागे ओढला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितलं सगळं त्याला. मग म्हणाला, माझ्या सुयांसाठी? हो म्हटलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

रात्रीची सुई घेतली नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर

सकाळचीही नाही. म्हणतो, तिच्या पायांवर मी जगणार नाही. ओठ सुकलेत, सारखं पाणी पितोय. सुई भरून ठेवलीय टेबलावर. घे म्हटलं, ओरडले, पाया पडले. ऐकत नाही. ती थांबल्याशिवाय घेणार नाही.

भर दुपार. ऊन सगळीकडे. घेवडा जळाला.

पावलं थांबली. ओटा नाही — दारापाशी. श्वास. तिचाच. छातीवर दाबल्यासारखा —

ठोठावतेय. हळू. तशीच होती ती, कोणाला त्रास नको —

मी थांब म्हणेपर्यंत, असं मी म्हटलं होतं. दाराआडून म्हणून चालायचं नाही. तोंडावर म्हणायला हवं. पट्टी माझ्या हातानं काढायला हवी —

एस्टेल उठतोय.

एस्टेल, बस खाली. सुई घे. ती तुझ्यासाठी आलेली नाही. कडीला हात लावायचा नाही तू, नोव्हा जीननं नाही, कोणीच नाही. ज्या बाईनं तिला चालवलं तिनंच दाराशी जायचं, आणि ती विचारेल त्याला उत्तरही तिनंच —