एकाच रबरबँडमधले दोन पासपोर्ट

५ जानेवारी २०२५, रविवार. निरवांगी
सिंगापूरहून पायलचा फोन. बाळंतपण फेब्रुवारीच्या मध्यावर. अनुपला, म्हणजे जावयाला, नेमकं ८ ते १४ कंपनीच्या कामाला बाहेर जावं लागणार. म्हणाली, "पप्पा, तेवढे दिवस घरात आपलं कुणीतरी हवं. आई असती तर..." येतो म्हणालो.
तेहतीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. पाण्याच्या पाळ्या वेळेवर सोडल्या. एक विमान वेळेवर पकडणं अवघड नाही.
संकल्प : सगळं स्वतः करायचं. रोज एक काम.

७ जानेवारी
काल काम झालं नाही. आज कपाट उघडलं. रतनला जाऊन पाच महिने झाले, तेव्हापासून बंदच होतं. दोन्ही पासपोर्ट मिळाले. मागच्या वर्षी तिनेच धावपळ करून काढून घेतले होते. एकाच रबरबँडमध्ये आहेत, तिचा वर, माझा खाली. वेगळे करण्याचं कारण नाही. एकत्र असले की हरवत नाहीत.

९ जानेवारी. बारामती
विजयसिंहच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेलो. व्हिसाचं काम त्याला दिलं, तेवढं एजंटाकडूनच होतं म्हणे. त्याने रबरबँड काढून माझा पासपोर्ट घेतला, झेरॉक्स काढली. मी रबरबँड परत लावला.
तो म्हणाला, "मखरे साहेब, तिकीटबी मीच काढतो की. नावात एक अक्षर चुकलं तर दारातनं परत पाठवत्यात." त्याला शांतपणे सांगितलं की मी आयुष्यभर सरकारी नोंदी ठेवल्या आहेत. तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

१२ जानेवारी
बँकेच्या खात्याला मोबाईल नंबर रतनचा आहे. खातं उघडलं तेव्हा मी कालव्यावर आणि ती बँकेत. लाइटबिल, गॅस, बचत गट, सगळं तीच फोनवर करायची. त्यामुळे OTP तिच्या फोनवर येतो. तिचा फोन तिच्या फोटोजवळ चार्जिंगला असतो. त्यात भावनेचा प्रश्न नाही. घरात रेंज तिथेच येते.
सराव म्हणून तिच्याच नंबरचं रिचार्ज केलं. OTP आला. तरी Resend दाबून आणखी दोनदा मागवला. फोन वाजला की नेटवर्क नीट आहे याची खात्री होते.

१५ जानेवारी
पायल म्हणते, बँकेत आईच्या मृत्यूचा दाखला द्या आणि स्वतःचा नंबर लावून घ्या. बरोबर आहे. पण ग्रामसेवकाकडून दाखला मिळायला हवा ना. या कामांना वेळ लागतो. मागे लागणं माझ्या स्वभावात नाही.

१९ जानेवारी
मेव्हणी रंगुबाई सुप्याहून डिंक, खारीक घेऊन आली. रतनची थोरली बहीण. लाडू करून देणार आणि मी परत येईपर्यंत घर सांभाळणार.
ती आली तेव्हा आधारचं ॲप माझा चेहरा तपासत होतं. मान डावीकडे करा, उजवीकडे करा, डोळे मिटा. सात वेळा केलं. रंगुबाई दारातून बघत होती. म्हणाली, "दाजी, त्या डबड्यानं मान हलवा म्हनलं की हलवता, आन मी दोन घास खावा म्हनलं तर हालत न्हाय."
ॲपने चेहरा ओळखला नाही. जुना फोटो असेल. थोडा वाळलो आहे.

२४ जानेवारी
व्हिसा आला. विजयसिंहचं काम संपलं. आता अवघड काम, म्हणजे माझं.

२६ जानेवारी, सकाळी १०
तिकीट काढलं! ८ फेब्रुवारी, मुंबईहून दुपारचं विमान. पासपोर्ट समोर धरला की ॲप स्वतःच माहिती भरतं. तरी मी आंधळेपणाने पुढे गेलो नाही. नावात ज्ञानदेव, आडनाव मखरे, जन्मतारीख १ जून. तीनही गोष्टी जुळल्या. १ जून म्हणजे आमच्या शाळेतल्या गुरुजींनी दिलेला वाढदिवस. पिढीच्या पिढी त्यांनी एकाच दिवशी जन्माला घातली. रतनचाही तोच. बाकी अक्षरं बारीक होती आणि चष्मा फोटोजवळ राहिला होता.
OTP पहिल्या झटक्यात. तरी दुसरा मागवला.
विजयसिंहला फोन करून सांगितलं. उगाच.

५ फेब्रुवारी
सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत तिकडचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा असतो. तोही पासपोर्ट समोर धरून भरला. पाच मिनिटं. लोक उगाच बाऊ करतात.
पायल म्हणाली, आईचा फोन बरोबर आणा, पैसे भरायला OTP लागेल. नाही आणणार. पैशांचं सगळं काम झालेलं आहे. शिवाय फोटोजवळ मोकळं दिसेल.

८ फेब्रुवारी, दुपारी १२. मुंबई विमानतळाबाहेर, बाकावर
दारावरच्या जवानाने तिकीट बघितलं. रबरबँड काढला. वरचा पासपोर्ट उघडला, तिकिटाशी जुळवला. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम किधर हैं?"
मी म्हणालो, घर पे.
"तो आप क्यों आए?"
चष्मा लावला. तिकिटावर रतन ज्ञानदेव मखरे.

१२.४०
तिकीट खिडकीवर याच विमानात जागा होती. कार्ड दिलं. OTP निरवांगीला गेला. रंगुबाईला तिच्या फोनवर फोन केला. म्हणाली, "वाजलं की, दाजी. पर मी रतनच्या फोनला हात लावू व्हय?" लावा म्हणालो. "आकडं विंग्रजीत हायती." दिसेल ते सांगा म्हणालो. "पयलं अंडं. मंग काठी. मंग उलटी खुर्ची..." खुर्ची म्हणजे चार हे कळेपर्यंत वेळ संपली. दुसऱ्यांदा अंधार झाला म्हणाली, फोन उलटा धरला होता. तिसऱ्यांदा कार्ड बंद पडलं. खिडकीही.
पायल पैसे भरू शकली असती. पण अशा दिवसांत तिला काळजी नको, म्हणून विमान रद्द झालं, दोन दिवसांनी येतो असं कळवलं.

१० फेब्रुवारी. निरवांगी
पहाटे पायलच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाच दिवस आधीच. शेजारच्या तमिळ बाईने तिला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. कळांच्या वेळी ती कुणाचा हात धरून होती, हे विचारलं नाही. त्या बाईचं नावही मला माहीत नाही.

११ फेब्रुवारी
अनुप काम सोडून परतला. त्याची आई शुक्रवारी पोचतेय. पायलला सगळं खरं सांगितलं. चिडली नाही. चिडली असती तर बरं. म्हणाली, "म्हणजे तुम्ही आईचं तिकीट काढलंत." मग म्हणाली, "आता घाई नको, पप्पा. कागद नीट करून सावकाश या."
रंगुबाईने लाडवांचा डबा उघडला. म्हणाली, "खावा आता. बाळंतीण काय न् तुमी काय, दोगंबी वाळल्यालंच."

१३ फेब्रुवारी, गुरुवार
ग्रामसेवकाकडे गेलो. दाखला दोन मिनिटांत मिळाला. सप्टेंबरपासूनच तयार होता. "तुमी कवा आलाच न्हाय, साहेब," म्हणाले.
घरी येऊन फोटोसमोर बसलो. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नाव, आडनाव, तारीख.
चूक काही सापडली नाही.