नवऱ्याचं सोडते

६ जाने.
मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात माझं भाषण पक्कं. विषय माझाच: इटलीची ती कवयित्री, कादंबरीकार. कितीक वर्षं तिच्या कविता मराठीत करून राहिली मी, शाळेत शिकवून आल्यावर. सचिव बोरकर काकांचा फोन. "ताई, तिचा नवरा पण मोठा लेखक होता म्हणे. अर्धं त्याच्यावर बोला, लोकांना इंटरेस्ट येईल."
आग लागो त्या इंटरेस्टले! बाई जन्मभर हेच ऐकत मेली. मुलाखतीत नवऱ्याचा विषय निघाला की उठून जायची.

९ जाने.
ग्रुपवर पत्रिका आली. माझं भाषण दुपारी, हळदीकुंकू आन् उखाण्यांच्या मधात. संध्याकाळी 'साहित्य सत्र', सगळे बाप्ये. आम्ही बौद्ध, आमच्यात हळदीकुंकू नाही, हे काकाले माहीत नाही? सेक्टर २ मध्ये शेजारीच तर राहत होतो!
हे ड्यूटीवरून आले. म्हणे, "जाऊन ये ना. कायले डोकं खराब करून राहिली?"
"प्लांटात तुमच्या सेफ्टीच्या भाषणाआधी उखाणा घ्यायले लावते का कोणी?"
ताट ओढून जेवायले बसले.

१२ जाने.
भाषण परत लिहिलं. तिच्या नवऱ्यावर अवाक्षर नाही. तिची गिरणीतल्या बायांवरची कादंबरी भाषणात घेतली. शेवटच्या कविता दवाखान्यातल्या, त्या वाचतानाच रडू येते. पण वाचीन.

१५ जाने., दुपार
मेळाव्यातून आत्ताच घरी आली.
बोरकर काकूंनी माइक दिला न् परत ओढला. "आपली पद्धत आहे, ताई. आधी नाव घ्या, मग बोला." साऱ्या बाया, "घ्या! घ्या!"
घेतलं मग.
"पोळ्या लाटता लाटता शब्दाले शब्द जोडते,
सुजाताचं नाव घेते, नवऱ्याचं सोडते."
सुजाता म्हणजे मीच. मग एक हसली, मग साऱ्या. काकू म्हणे, "चला, वेळ संपला," आन् माइक पुढच्या बाईले. एक ओळ नाही वाचू दिली!
मागून गेडाम मावशी ओरडल्या, "बोलू द्या ना वं तिले! मी तेच ऐकाले आली!" नवरा गेल्यापासून त्यायले ना कोणी कुंकू लावत, ना उखाणा विचारत. त्यायचंही कोणी ऐकलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
साहित्य सत्र सुरू व्हायचं आहे. साडी सोडली नाही. कागद पर्समध्ये. आमच्या ह्यायले म्हटलं, स्कूटर काढा. कायले म्हणून विचारलं नाही, काढली. रिसाली वस्तीतून गेडाम मावशीले घ्यायचं आहे. तिघं एका स्कूटरवर, चालान कटलं तर कटलं. पहिल्या रांगेत बसीन. माइक मोकळा दिसला की उठीन, न् वाचीन.