यांचा हवापालट

१० एप्रिल, शुक्र. मारुंजी.
सकाळपासून तिसऱ्यांदा फरशी पुसली. फडकं काळं ते काळंच. आमची विकलेली भाताची खाचरं दाराशीच, त्यावर टॉवर चाललाय. पलीकडं काँक्रीटचा प्लांट. दिवसभर डंपर. गच्चीवर कुरडया घातल्या तर तासाभरात सिमेंटच्या झाल्या. गाईपुढं टाकल्या, तीही हुंगून गेली. शी!
यांच्या हृदयात स्प्रिंग टाकून दोन महिने झाले. जिना चढले की अजून धाप. आज डॉ. म्हणाले, "मावशी, धूळ-धुरापासून लांब ठेवा. पंधरा दिवस गावाकडं न्या." म्हटलं, "आमी गावातच हाओत की." तर हसले. हसायला काय झालं मेल्याला.

१३ एप्रिल, सोम. कासार आंबोली.
बाळूकडं आलो, माझा धाकटा भाऊ. थोडं भात पिकवतो, शेजारच्या दोन बंगल्यांची राखण करतो. हवा खरंच बरी हो. हे आंब्याखाली खाट टाकून बसले. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या. कधीची भूक कुठं दडली होती कोण जाणे.

१७, शुक्र.
कसली हवा न् कसलं काय. आगीतून फुफाट्यात. राबाचे दिवस, हे माझ्या ध्यानातच नाही, शेतकऱ्याची लेक असून! रोप टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरून भाजायचं, आजोबांपासूनची पद्धत. पण तेव्हा पाल्यात पालाच असायचा. आता बंगलेवाले बागेचा कचरा बाळूला फुकट देतात. त्यात थर्माकोलच्या ताटल्या, पिशव्या, एका गादीचा फोमसुद्धा. सगळं वाफ्यावर. धूर असा की घशाला चिकटला.
"बाळ्या, काय जाळतुयास रं?"
"आक्का, फुकटचा पाला हाय. निवडत कोन बसंल?"
उद्या शनिवार. तेच बंगलेवाले येऊन गॅलरीत "फ्रेश एअर, फ्रेश एअर" करणार. थुंकावंसं वाटतं.

१८, शनि.
यांना खोकला. बीपी वर. खोलीत बसवलं, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. हे म्हणतात, "राबाच्या धुरानं कुनी मेलंय का आजवर?" आई जन्मभर चुलीपुढं फुंकत बसली आणि छातीत कळ येऊन गेली. आम्ही काय म्हणालो? वय झालं. पंचावन्न हे काय वय...

२२, बुध.
बाळूशी कडाक्याचं भांडण. शेवटी कबूल झाला, उरलेले तीन वाफे कचरा निवडून भाजायचे, तेही यांना मी पौडला तपासायला नेईन त्या दिवशी. भावजय भांडी आपटत होती. "माहेरी येऊन हुकूम सोडत्यात." सोडीन. माझा नवरा आहे.

२६, रवि.
अंघोळ करून आले तर खाट रिकामी. तशीच वावरात पळाले. हे हातात गवताची पेटती चूड घेऊन उभे! धोतर खोचलेलं, तोंड काळं, आणि चक्क हसत होते. बाळूला शिकवत होते, "वाऱ्याच्या उलट्या अंगानं लाव, म्हंजी दमानं भाजंल." बाळ्या नंदीबैलासारखी मान हलवतोय. मी दोघांना नाही नाही ते बोलले.
हे म्हणाले, "आपली खाचरं गेली तवापासनं हात शिवशिवत्यात गं. एक वाफा भाजू दे की." एवढं बोलले आणि छाती धरून बांधावर बसले.
जिभेखाली गोळी. बाळूच्या टेम्पोतून दवाखाना. पुढं लिहवत नाही.

२८, मंगळ. मारुंजी.
घरी सोडलं. थोडक्यात वाचले. डॉ. माझ्यावरच तापले, "गावाकडं न्या म्हटलं होतं, धुरात नाही." मीही सुनावलं, "हितं धूळ, तितं धूर. मग न्यायचं कुटं, ते चिठ्ठीवर लिवून द्या." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

२ मे, शनि.
हे दिवसभर खिडकीतून टॉवर बघत बसतात. खिडकी बंद, तरी ताटावर भुकटी. जमीन विका म्हणून मागं मीच लागले होते. बंगलेवाल्यांना शिव्या घालते, पण खरा वीट माझाच आलाय मला.

४ मे, सोम.
बाळूचा फोन. "दोन वाफं ठिवल्यात दाजींसाठी. कचरा समदा काढलाय, आईशप्पत. पाच वाजता टेम्पो घिऊन येतो." खरं की खोटं, देव जाणे. आणि नुसत्या पाल्याचा तरी धूर तो धूरच ना.
यांनी ऐकलं. पिशवी भरली. मी उपसली. परत भरली. म्हणाले, "हितं नुसतं बसून मरण्यापरीस..." मी कानांवर हात ठेवले.
पावणेपाच. हे चपला घालून उंबऱ्यावर बसलेत. मी अजून साडी बदललेली नाही.