विहीणबाईंची निळी फरशी

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आता काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला असेल, अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम (छत सोडून). आपल्या ठकीसाठी तू थेट आमच्या वरच्याच फ्लॅटमधलं स्थळ सुचवलंस, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! लेक सासरी जाणार म्हणजे एक जिना चढणार. वर तू बजावलंही होतंस, की आपण मुलीकडचे, तारीख ठरेपर्यंत तोंडाला कुलूप घाल. ते घातलं आणि लगेचच आमच्या जेवणाच्या टेबलावर पाणी ठिबकायला लागलं.

पाणी त्यांच्या बाथरूमचं. प्लंबर म्हणाला, वरची फरशी काढल्याशिवाय गळती थांबायची नाही. ते सांगायला वर गेलो, तर होणाऱ्या विहीणबाई मला कौतुकाने बाथरूमच दाखवायला घेऊन गेल्या. फरशी नवीकोरी, निळी, त्यांनी स्वतः निवडलेली (दुकानदाराला रडवून, असं व्याही हळूच म्हणाले). माझी दातखीळच बसली. 'छान आहे' म्हणालो, चहा प्यायलो आणि खाली आलो. पुन्हा गेलो, पुन्हा चहा पिऊन आलो. तुझ्या भावजयीने माझ्याशी बोलणं टाकलंय.

मग ती मंडळी तारीख ठरवायला आमच्याकडे आली. छताचा रंग फुग्यासारखा फुगलेला. मी टेबल बाजूला सरकवलं, आवाज होऊ नये म्हणून पातेल्यात फडकं घातलं, तर पाण्याने जागा बदलली. गप्पा रंगात आल्या असताना एक थेंब नेमका व्याह्यांच्या चहात पडला. त्यांनी वर पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या भल्या गृहस्थाने तो चहा निमूट संपवला, आणि तारखेचं पुन्हा बघू म्हणत सगळे उठले.

ते गेल्यावर ठकी फडकं पिळत म्हणाली, "बाबा, आपलं छत गळतंय एवढं तुम्हाला सांगता येत नाही. उद्या मला तिथे काही त्रास झाला, तर काय सांगणार आहात?" ती ओरडली नाही, रडली नाही. रडू मला आलं, आणि हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही.

असो. भावोजींना नमस्कार, पोरांना माझ्यातर्फे एकेक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम असं, की स्थळ तुझं, तेव्हा गळतीचंही तूच त्यांना फोन करून सांग. माझं नाव घेऊ नकोस (छत कुणाचं, ते त्यांना कळेलच).

ता. क. २ : फोन करू नकोस. पाकीट चिकटवताना ठकी समोर बसली होती, म्हणून मीच वर जाऊन आलो. विहीणबाई म्हणाल्या, "लग्न होईपर्यंत फरशीला हात लागायचा नाही." मी म्हणालो, "मग फरशी निघेपर्यंत लग्नही थांबेल." जिना उतरून घरी आलो. ठकीने पाण्याचा पेला पुढे केला.

ता. क. ३ : आत्ताच दार वाजलं. तुझं स्थळ दारात उभं, अंगात जुना शर्ट, हातात छिन्नी-हातोडा. म्हणाला, "काका, फरशी फोडायला घेतोय. टेबलाशी कुणी बसू नका." ठकी घमेलं घेऊन त्याच्या मागोमाग वर गेली आहे. ठोकाठोक ऐकू येते आहे. विहीणबाईंचा आवाज मात्र अजून आलेला नाही.